एकच साचा, मिशीसकट

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते साठत जातात. आमच्या कारखान्यात मोल्डिंग मशीनखाली एक घमेलं असायचं. खेळणं साच्यातून बाहेर पडलं की त्याला चिकटलेल्या प्लास्टिकच्या काड्या मोडून त्यात टाकायच्या. दिवसभर कुणाचं तिकडे लक्ष नसायचं, आणि सुटायच्या वेळेला बघावं तर घमेलं काठोकाठ! मग त्या काड्या दळायच्या आणि त्यांचंच नवीन खेळणं काढायचं. माझ्या डोक्यातही असं एक घमेलं आहे. मित्रमैत्रिणी जमले, चहा आला आणि कुणीतरी विचारलं, "काय गं, तुमच्या त्या कॅप्टन कडाडचे एवढे विचित्र प्रकार का निघायचे? पायलट कडाड काय, गुलाबी कडाड काय!" की ते घमेलं उलटं होतं.

तर ऐका.

तेव्हा केबलवर लहान मुलांची एक मालिका लागायची. तिचा हिरो कॅप्टन कडाड. छाती पुढे, डोक्यावर टोप, ओठांवर मिशी. त्याच्या जोडीला ठिणगी नावाची मुलगी. दर भागात कडाड मोठ्या रुबाबात राक्षसावर चालून जायचा, पकडला जायचा, आणि ठिणगी येऊन त्याला सोडवायची. दर भागात! मग लोक टाळ्या कडाडसाठी वाजवायचे.

या मालिकेची खेळणी पनवेलच्या एका औद्योगिक वसाहतीत बनायची. मालक बाळूशेठ. आधी बादल्या आणि मग टिफिनचे डबे बनवायचे, आणि मनानं अजूनही बादल्याच बनवत होते. मी आर्ट कॉलेजमधून नुकती बाहेर पडलेली, राहायला कामोठ्यात. जग बदलायचं होतं आणि सुरुवात खेळण्यांपासून करायची होती. हसू नका! मुलांच्या हातात आपण काय देतो यावर सगळं ठरतं, असं मला तेव्हा वाटायचं. आजही वाटतं.

*

इंटरव्ह्यूला जाताना मी मातीची ठिणगी करून नेली होती. दोन वेण्या, कमरेला पट्टा, उडी मारायच्या पवित्र्यात. शेठच्या टेबलावर ठेवली आणि सरळ विचारलं, "शेठ, बाजारात तुमचे सात कडाड आहेत. ठिणगी एकही नाही. का?"

शेठनी ठिणगी उचलली, उलटी करून तळ बघितला. बादलीवाल्यांची सवय!

"बाय, बादलीला साचे किती लागतात?"

"एक."

"आणि बादल्या? लाल, निळी, हिरवी, पिवळी. कधी कुणी विचारलं, निळी बादली कशाला काढली?"

"पण हा माणूस आहे, शेठ!"

"साच्याला माहीत नसतं," शेठ म्हणाले. "साचा पोलादाचा. तो करायचा म्हणजे माझं कंबरडं मोडतं. रंग स्वस्त. हातात द्यायची काठी स्वस्त. मग मी साचा करू की रंग बदलू?"

मी म्हटलं, मुलांना फसवणं आहे हे. शेठ चिडले नाहीत. उलट समजावणीच्या सुरात म्हणाले, "पोरगं दुकानात कडाड मागतं. आई म्हणते, आहे ना घरी एक! त्या वेळी पोराला एक वाक्य बोलता आलं पाहिजे. 'तो नाय, हा वेगळा हाय!' मी खेळणं विकत नाय, ते वाक्य विकतो."

मला असा संताप आला!

नोकरी मिळाली. ठिणगीचं काय, विचारलं, तर शेठ म्हणाले, "पुढच्या सीझनला बघू." आणि पंख्यानं टेबलावरची बिलं उडत होती, त्यांच्यावर त्यांनी ठिणगी ठेवून दिली.

*

आता साच्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

आमच्या कडाडचा उजवा हात कायम वर. मूठ वळलेली, आणि मुठीत आरपार भोक. मालिकेत त्याच्या हातात विजेचा भाला असायचा, त्यासाठी. मालिकेत त्याची मिशी पेन्सिलीच्या रेघेएवढी. आमच्या साच्यात मात्र चांगली जाडजूड, टोकं वर वळलेली. साचा कोरणाऱ्यानं समोर बसलेल्या बाळूशेठकडे बघून कोरली असणार, दुसरं काही कारण नाही.

तर कडाडनं काहीही व्हायचं ठरवलं तरी हात वर, मूठ बंद आणि मिशी! मुठीच्या भोकात काय बसतं एवढाच प्रश्न. शेठ बाजारातून येताना खिसे भरून वस्तू आणायचे. आइस्क्रीमच्या काड्या, छोट्या छत्र्या, बुद्धिबळातला उंट. एकेक भोकात घालून बघायचे आणि बसलं की ओरडायचे, "निघाला नवीन कडाड!"

गुलाबी कडाड मात्र काहीही न घालता निघाला. मुलींच्या टिफिनसाठी आणलेला गुलाबी रंगाचा माल उरला होता. मशीनवर मुश्ताकभाई होते, अतिशय सज्जन माणूस. त्यांनी पहिला गुलाबी कडाड साच्यातून काढला, तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "या अल्लाह, इसे क्या हुआ?"

मी शेठना म्हटलं, "हे लोकांना काय म्हणून विकणार?"

शेठनी त्याच्याकडे पाहिलं. वर गेलेला हात, वळलेली मूठ, मिशी, आणि डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी.

"गुलाल लागलाय त्याला," ते म्हणाले. "निवडणूक जिंकून आलाय!"

नगरपालिकेची निवडणूक त्याच महिन्यात होती. गुलाबी कडाड मुलांनी घेतलाच नाही. उमेदवारांनी घेतला!

*

पांढऱ्या कडाडचा किस्सा तर मी नवीन माणसाला भेटल्यावर हमखास सांगते.

रंगवाल्यानं लाल रंग वेळेवर पाठवला नाही. शेठ थांबायला तयार नाहीत. पांढराच माल काढला आणि बॉक्सवर छापलं, 'हिमवीर कडाड'. पनवेलमध्ये! इथं थंडी म्हणजे लोक पंखा दोनवर आणतात!

दुकानदारांनी सगळा परत पाठवला. आमचा सेल्समन सावंत, सदा घामाघूम आणि सदा वैतागलेला, त्यानं येऊन सांगितलं, "शेठ, बायका विचारतात, हा आजारी आहे का?"

शेठचे डोळे चमकले. "आजारी नाय. आजाऱ्याला बघायला आलाय!" झालं. गळ्यात दोऱ्याचा स्टेथोस्कोप, मुठीत इंजेक्शन. 'डॉक्टर कडाड'. हात वर करून, मूठ आवळून, इंजेक्शन उगारलेला मिशीवाला डॉक्टर! दुकानात पोरं त्याला बघून आईच्या मागे लपायची.

परत आला.

मग बॅट दिली. 'क्रिकेटवीर कडाड'. पण बॅट डोक्याच्या वर धरलेली, जणू चोर आलाय घरात. परत आला.

मी म्हटलं, "शेठ, आता तरी दळून टाका आणि त्या मालातून ठिणगी काढा."

शेठनी बॅट काढून घेतली. नुसता कडाड टेबलावर उभा केला. पांढरे कपडे, वर गेलेला हात. मग हळूच म्हणाले, "सावंत, हा अंपायर आहे."

"शेठ, आउट देताना बोट वर करतात. मूठ नाही."

"हा रागावलाय," शेठ म्हणाले.

खपला हो! गल्लीतल्या क्रिकेटला अंपायर कुणालाच व्हायचं नसतं. पोरांनी स्टंपामागे विटेवर कडाड उभा करायला सुरुवात केली. एकच अडचण झाली. त्याचा हात कायम वर, त्यामुळे बोलिंग करणारी टीम प्रत्येक बॉलला जिंकायची.

*

रंगकामाला कोळीवाड्यातल्या बायका यायच्या. बारीक ब्रशनं डोळे, भुवया, पट्टे रंगवायच्या. त्यांची म्होरकी हिरामावशी. तिचा नवरा आणि दोन्ही मुलगे उरणकडे मासेमारीच्या बोटीवर. एका पावसाळ्यात शेठनी 'पाणबुड्या कडाड' काढला. मी डिझाइन दिलं होतं, काळा चकचकीत सूट आणि पाठीवर हवेची टाकी. नमुना मावशीसमोर ठेवला आणि मी मुंबईला बॉक्सच्या छपाईसाठी गेले.

परत येऊन बघते तर टेबलावर ओळीनं कडाड सुकत ठेवलेले आणि प्रत्येकाच्या कमरेला लाल चौकटीचा रुमाल रंगवलेला! काळ्या सुटावर! डोक्यावरचा टोप लाल, कोळ्यांच्या टोपीसारखा. आणि वर केलेल्या मुठीत जाळं. कांदे येतात त्या जाळीच्या पिशव्या कापून केलेलं.

"मावशी! हे काय केलंत?"

"काय केलं?" मावशीनं ब्रश खाली ठेवला नाही. "दर्यात चाललाय ना? मंग असाच जातात. आमच्या घरातलं समदं असंच जातात."

"अहो पण हा सुपरहिरो आहे!"

"मंग आमचं कोन हायेत?"

बाकीच्या बायका हसायला लागल्या. मी शेठना बोलावून आणलं. शेठ आले, लाल झाले, ओरडायला तोंड उघडलं. मावशीनं एक कडाड उचलून त्यांच्या हातात दिला. "शेठ, जालं आमी फुकट घातलंय. तुमचा पानबुड्या खाली हातानं घरी आला असता तर बायकोनं घरात घेतला असता काय?"

नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात तो पनवेलच्या बाजारात मिळेनासा झाला. शेठनी मला बोलावून सांगितलं, "बघ, याला म्हणतात डिझाइन!" मी म्हटलं, "मग त्यांच्याकडूनच ठिणगी करून घ्या." शेठनी ठिणगीखालचं एक बिल काढलं, ठिणगी परत जागेवर ठेवली. "पुढच्या सीझनला."

एव्हाना तिच्या पायाशी चहाच्या कपाचं गोल वर्तुळ उमटलं होतं.

*

पायलट कडाडबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पनवेलजवळ विमानतळ येणार, येणार म्हणून सुकापूरपर्यंत जागांचे भाव वर चढले होते. शेठनीही घाईघाईनं निळी टोपी रंगवून, मुठीत विमान चालवायचा दांडा देऊन पायलट काढून ठेवला. "उद्घाटनाच्या दिवशी गेटवर विकायचा!"

माल सुकापूरच्या गोदामात गेला. मी नोकरीत होते तोवर तिथंच होता. सावंत दरवर्षी विचारायचा, "शेठ, पायलट काढायचे का बाहेर?"

शेठ शांतपणे म्हणायचे, "विमान लेट आहे."

*

एक प्रकार माझ्या आग्रहाखातर निघाला, तो लपवणार नाही. 'पर्यावरण कडाड'. हिरवा, मुठीत झाड. खाडीत तरंगणाऱ्या पिशव्या बघून मला झोप येत नव्हती. मी शेठसमोर असं भाषण ठोकलं की ते म्हणाले, "काढ बाय, पण आता थांब."

बॉक्सवर मी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'प्लास्टिक टाळा!' बॉक्स कागदाचा हवा म्हणून भांडले. शेठ म्हणाले, कागदातून झाड दिसणार कसं? म्हणून पुढची बाजू पारदर्शक प्लास्टिकची झाली.

मी एका शाळेत घेऊन गेले. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा लावला. प्लास्टिकचा बॉक्स, त्यात प्लास्टिकचा कडाड, त्याच्या हातात प्लास्टिकचं झाड. त्यांनी शांतपणे सगळं वाचलं.

"प्लास्टिक टाळा, असं म्हणताय ना?"

"हो बाई!" मी उत्साहानं म्हटलं.

"टाळते," त्या म्हणाल्या आणि बॉक्स माझ्या हातात परत दिला.

कल्पना चांगली होती. अजूनही चांगली आहे.

*

त्यानंतर हसण्यासारखं फारसं राहिलं नाही, म्हणजे मला तरी. मालिकावाल्यांशी केलेला करार दिवाळीनंतर संपणार होता आणि तो वाढवायचा शेठचा विचार नव्हता. पर्यावरण कडाड परत आल्यापासून ते पुन्हा टिफिनच्या डब्यांबद्दल बोलायला लागले होते. करार संपला की ठिणगी कायमची मातीचीच राहणार, बिलांवर बसून.

तेव्हाच आमच्या कामोठ्याच्या बिल्डिंगमध्ये एक गोष्ट घडली. शेजारी स्नेहाताई राहायच्या, बेलापूरला ऑफिसात. सकाळी जाताना जिन्यात धावत भेटायच्या, संध्याकाळी भाजी घेऊन येताना धावत भेटायच्या, आणि रविवारी कपड्यांची बादली घेऊन गच्चीकडे धावत भेटायच्या. त्यांची ओवी दुसरीत. एके दिवशी ओवी जिन्याच्या पायरीवर बसून एक कडाड भिंतीवर घासत होती. खरखर, खरखर.

"ओवी, काय चाललंय?"

"मिशी काढतेय."

"का?"

"ठिणगी करायचीय. दुकानात मिळतच नाही." तिनं आईच्या रुमालाचा झगा तयार ठेवला होता, लोकरीच्या दोन वेण्याही. मिशीबरोबर बिचाऱ्याचं अर्धं नाक गेलं होतं.

मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. मी तिला नवा कडाड कबूल केला आणि तो नाक घासलेला घेऊन दुसऱ्या दिवशी शेठच्या टेबलावर आदळला.

"बघा! मुली भिंतीवर घासून ठिणगी बनवतायत! याहून मोठा पुरावा काय हवा तुम्हाला?"

शेठनी खेळणं हातात घेतलं. झगा बघितला, वेण्या ओढून बघितल्या. त्यांचा चेहरा मऊ झालेला मी पहिल्यांदाच पाहत होते. मला वाटलं, जिंकले!

"खरंय तुझं," ते म्हणाले. "माझी चूक झाली. ठिणगी काढायलाच हवी."

"थँक्यू शेठ!"

"आणि बघ ना, पोरीनं दाखवलंच की! नवीन साच्याची गरजच नाय!"

*

कडाडच्या साच्यातून ठिणगी! मी मुश्ताकभाईंकडे धावले. म्हटलं, निदान मिशी तरी साच्यातून काढता येईल का?

मुश्ताकभाईंनी साचा उघडून दाखवला. "मॅडम, साच्यात मूछ म्हणजे खड्डा. ती काढायची नसते, भरायची असते. आणि एकदा भरला की कडाडचीपण गेली."

शेठनी हे ऐकलं आणि नकळत स्वतःच्या मिशीवर हात ठेवला. "साच्याला हात लावायचा नाय."

मग मिशीवर अंगाचाच रंग लावायचं ठरलं. हिरामावशीनं एक रंगवून उजेडात धरला. रंग गेला होता, उंचवटा नव्हता गेला. नायलॉनच्या वेण्या, रुंद खांदे, वर केलेली मूठ आणि ओठांवर मिशीचा स्वच्छ ठसा.

"पोरी," मावशी मला म्हणाली, "लपवली तर जास्तच दिसते बघ. त्यापरीस काळी करू?"

"मावशी, बाई आहे ती!"

"मंग काय झालं? आमच्या आळीत एक हाय बारीक मिशीवाली. भावकीचं भांडान झालं की पयली तीच पुढं."

मी शेठकडे गेले. म्हटलं, "मी नोकरी सोडतेय. हे माझ्या नावावर नको."

"सोड," शेठ म्हणाले. "पण हिचा बॉक्स करून जा. दुसरा कुणी केला तर कडाडची बहीण म्हणून छापेल."

हे मात्र खरं होतं. सावंतनं तसं सुचवलंही होतं!

मी चिडून बसले बॉक्स करायला. समोर ती मिशीवाली ठिणगी, पलीकडे बिलांवर माझी मातीची. दर भागात त्या ठोंब्याला सोडवणाऱ्या मुलीला लोकांनी हसावं? नाही! शेवटी मावशीला जाऊन सांगितलं, "काळी करा मिशी. अगदी ठसठशीत." आणि बॉक्सच्या मागं लिहिलं: 'ठिणगी वेशांतरात! शत्रूच्या किल्ल्यात शिरताना तिनं मिशी लावली आहे. कुणाला सांगू नका!'

मालिकावाल्यांच्या ऑफिसात मंजुरीसाठी नमुना गेला. तिकडून एकच प्रश्न आला, "आमचा लोगो नीट छापलाय ना?"

*

सावंत एरवी माल परत घेऊन यायचा. या वेळी रिकाम्या हातानं आला आणि दारातच बसला. "शेठ, संपली! दुकानदार म्हणतात, पोरी काउंटरवर येतात आणि कानात मागतात. 'काका, ती आहे का?' कुणाला सांगायचं नाही ना!"

शेठ माझ्याकडे बघून असे हसले की मला पुन्हा नोकरी सोडावीशी वाटली.

"पण एक प्रॉब्लेम आहे," सावंत म्हणाला. "सगळ्याजणी विचारतात, वेशांतर काढल्यावर ती कशी दिसते? काढायला गेल्या तर मिशी निघत नाही. दुकानदार म्हणतात, वेशांतर विकलंत, आता आतली ठिणगी द्या."

शेठनी एकदा साच्याच्या खोलीकडे पाहिलं. एकदा त्या नाक घासलेल्या कडाडकडे पाहिलं. मग हात पुढे केला, बिलांवरची मातीची ठिणगी उचलली, फुंकर मारून धूळ उडवली. पंख्यानं बिलं खोलीभर झाली. कुणी उचलली नाहीत.

"मुश्ताक," शेठ म्हणाले, "साचेवाल्याला फोन लाव. आणि त्याला सांग, या वेळी माझ्याकडे बघू नकोस."

करार वाढला. मी नोकरी सोडली नाही.

*

खरी ठिणगी बाजारात आली तो दिवस. पनवेलच्या बाजारातल्या एका खेळण्यांच्या दुकानात आम्ही उभे होतो, मी आणि शेठ, गिऱ्हाइकाचं सोंग घेऊन. फळीवर ती होती! दोन वेण्या, कमरेला पट्टा, उडी मारायच्या पवित्र्यात, आणि ओठांवर काहीही नाही. मावशीनं तिचे डोळे असे रंगवले होते की ती बघणाऱ्याला दम देत होती. शेजारीच जुनी मिशीवाली, नंतर काढलेल्या खेपेतली शेवटचीच उरलेली.

मी ओवीला आधीच सांगून ठेवलं होतं. संध्याकाळी ती आली, आईला ओढत. स्नेहाताई ऑफिसातून सरळ आल्या होत्या, गळ्यात ओळखपत्र तसंच, हातात भाजीची पिशवी, एक डोळा घड्याळावर.

ओवी फळीसमोर उभी राहिली. नवी उचलली. बघितली. मग मिशीवाली उचलली. तीही बघितली. एक या हातात, एक त्या हातात.

माझ्यानं राहवेना. मी तिच्याजवळ बसले आणि नवी दाखवून म्हटलं, "ओवी, ही खरी ठिणगी. बघ, मिशी नाही, घासायला नको. त्या दुसरीची आता गरज नाही."

ओवीनं माझ्याकडे बघितलं, मोठी माणसं किती हळूहळू शिकतात अशा नजरेनं.

"दोन्ही खऱ्याच आहेत," ती म्हणाली. "ही मिशीवाली ड्युटीवरची. आणि ही सुट्टीच्या दिवशीची."

माझ्या मागे शेठ पुटपुटले, "हेच ते वाक्य!"

"ओवी, चल गं, उशीर होतोय," स्नेहाताई म्हणाल्या. "दोन कशाला? एक घे कुठली तरी."

"एकच घेतली," ओवी म्हणाली, "तर ती सुट्टी कधी घेणार?"

स्नेहाताईंनी पुन्हा घड्याळ बघितलं. मग भाजीची पिशवी खाली ठेवली, ओवीच्या हातातून दोन्ही बॉक्स घेतले आणि काउंटरवर शेजारीशेजारी मांडले.